भाऊ किंवा बहीण गेल्यावर गावाकडची पडीक मिळकत: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

राहणं कोथरूडला किंवा हडपसरला, जमीन भोरला नाहीतर पुरंदरला, आणि जमिनीवर नाव अविवाहित वारलेल्या भावाचं. तेरावं झालं की मागे राहिलेली भावंडं पहिलं काम काढतात ते वाटणीचं. घोडं तिथेच पेंड खातं. वारस कोण हे कागदावर ठरलेलं नसतं, सातबारावर अजून आजोबा असतात, बांध कुठून कुठे जातो हे शेजाऱ्यालाच जास्त माहीत असतं, आणि तरी ‘वरचं तुला, खालचं मला’ ठरून मोकळं. तीन वर्षांनी कोणी तरी हक्कसोडपत्र करायला जातं तेव्हा कळतं, की सोडणाऱ्याचं नाव उताऱ्यावर कधी चढलंच नव्हतं.

पुढचा क्रम हिंदू वारसा कायद्याखाली येणाऱ्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहे. मयताला पती-पत्नी आणि मुलं नाहीत असं धरलं आहे; विवाहित पण निपुत्रिक बहिणीचं दुसऱ्या टप्प्यात वेगळं सांगितलं आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारस वेगळ्या नियमांनी ठरतात. त्यांना दुसरा टप्पा लागू नाही, बाकीचे बहुतेक लागू आहेत.

पहिल्या पंधरवड्यात तीन गोष्टी करू नका. मयताच्या एटीएम कार्डावरून किंवा फोनवरून पैसे काढू नका. ‘क्रियाकर्माला लागले’ हे खरं असलं तरी पुढे दुसरं भावंड त्याचाच हिशेब मागतं. मयताने दिलेलं कुलमुखत्यारपत्र वापरू नका. देणारा गेला त्या क्षणी ते संपलं. आणि शेत कोणालाही ‘तोवर बघ जरा’ म्हणून तोंडी देऊ नका.

१. मृत्यू दाखला आणि नावांचा मेळ

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, मयत राहत होता तिथे नाही. माणूस वेल्ह्याचा, पण ससूनला वारला असेल तर दाखला पुणे महापालिकेकडून येईल; ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. नोंदीची मुदत २१ दिवस. वर्षभर नोंदच झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि जुन्या मृत्यूंच्या बाबतीत काम नेमकं इथेच अडतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

मग एका कागदावर मयताचं नाव प्रत्येक ठिकाणी कसं आहे ते लिहून काढा: दाखला, आधार, पॅन, पासबुक, सातबारा, खरेदीखत, वीजबिल. सातबारावर ‘बाळू रामा’, आधारवर ‘बाळासाहेब रामचंद्र’ हे नेहमीचंच. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि त्यात सापडलेली सगळी रूपं लिहा. दोनच लिहिलीत तर तिसरं रूप बँकेत निघतं आणि प्रतिज्ञापत्र पुन्हा करावं लागतं.

तपासा: दाखल्यावरची मृत्यूची तारीख बरोबर आहे ना? पुढचा टप्पा सगळा त्या तारखेवर उभा आहे.

२. वारस कोण, आणि कोण कधी गेलं

आधी मृत्युपत्र शोधा. दोन साक्षीदारांच्या सह्यांचं साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही चालतं, आणि पुण्यातल्या मिळकतीसाठी त्याला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणं, सक्तीचं नाही. मृत्युपत्र नसेल तर पुढे वाचा.

मयत भाऊ असेल तर त्याच्या मृत्यूच्या दिवशी आई हयात होती का, हा पहिला प्रश्न. आई पहिल्या वर्गातली, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्यांतली वारस आहे. बायको-मुलं नसतील आणि आई असेल तर सगळं आईचं. भावंडांना त्या घडीला काही नाही. आई नसून वडील असतील तर सगळं वडिलांचं. दोघंही नसतील तरच भाऊ-बहिणी, सर्वांना सारखा हिस्सा, बहिणीचं लग्न झालेलं असो वा नसो. सख्खी भावंडं असताना सावत्रांना मिळत नाही.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. समजा तीन भाऊ, एक बहीण, वडील आधीच वारलेले. थोरला २०१२ मध्ये वारला, त्याला दोन मुलं. धाकटा, अविवाहित, २०१९ मध्ये गेला.

आई २०१५ मध्येच गेली असेल, तर धाकट्याची जमीन हयात भाऊ आणि बहीण या दोघांची, निम्मी-निम्मी. थोरल्याच्या मुलांना त्यात हिस्सा नाही, कारण पुतणे भाऊ-बहिणींच्या नंतरच्या रांगेत येतात.

आई २०२१ मध्ये गेली असेल, तर २०१९ मध्ये जमीन एकट्या आईची झाली. ती मृत्युपत्र न करता गेल्यावर तिचे वारस: हयात मुलगा, मुलगी, आणि थोरल्याची मुलं, जी आपल्या बापाचा हिस्सा घेतात. म्हणजे मुलाला, मुलीला आणि थोरल्याच्या मुलांना मिळून, असा प्रत्येकी एक तृतीयांश.

माणसं तीच, जमीन तीच, फक्त आईच्या मृत्यूची तारीख इकडची तिकडे. गावात सर्रास दोन मृत्यूंचा एकच अर्ज करून ‘सगळे वारस’ म्हणून नावं ठोकली जातात. पहिल्या प्रकारात पुतणे नको तिथे येतात, दुसऱ्यात हवे तिथून गळतात. दोन मृत्यू असतील तर दोन वारस नोंदी, तारखेच्या क्रमाने. वाद असो वा नसो.

मयत बहीण असेल तर मिळकत कुठून आली ते बघावं लागतं. अविवाहित बहिणीची मिळकत आई-वडिलांना आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे भावंडांना जाते. विवाहित पण निपुत्रिक बहिणीला आई-वडिलांकडून वारसाने मिळालेली जमीन वडिलांच्या वारसांकडे परत येते. तिने स्वतः कमावलेली मात्र नवऱ्याला आणि तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांना. माहेरची मंडळी इथे भलत्या जमिनीवर हक्क सांगतात आणि हक्काची सोडून बसतात.

सावध: ‘बायको नव्हती’ याची खात्री करा. वर्षानुवर्षं वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नी ही विधवाच आहे आणि पहिल्या वर्गातली वारस आहे. ती आहे हे माहीत असून वंशावळीतून वगळणं हे खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं.

३. बंद घर उघडणं

पाच-सात वर्षं बंद असलेलं घर एकट्याने उघडू नका. कारण भुताचं नाही, हिशेबाचं आहे. दोन वारस किंवा एक वारस आणि एक तिऱ्हाईत, शक्यतो पोलीस पाटील, असे समोर असावेत. कुलूप तोडण्याआधी दाराचा फोटो, आत पाऊल टाकण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ. जे सापडेल त्याची यादी तिथेच करून सगळ्यांच्या सह्या घ्या.

सकाळी जा, भर उन्हात. गुडघ्यापर्यंतचे बूट, लांब काठी, बॅटरी. पुणे जिल्ह्यात अडगळीत आणि दारापुढच्या वाळक्या गवतात घोणस निघते. काठी आपटत, थांबत आत जावं. वर बघा: वाशांना वाळवी लागली असेल तर कौलं माणसाच्या वजनाने खाली येतात, त्यामुळे साफसफाईसाठी कोणाला छपरावर चढवू नका. भिंती पांढऱ्या मातीच्या असतील तर पाणी मारून धुऊ नका. मेन स्विच लावू नका. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, आधी वायरमन. विहिरीत किंवा टाकीत उतरायचं तर अजिबात नाही. साठलेल्या वायूने माणूस वर येत नाही.

मग कागद. हे काम झाडलोट करण्याआधी. बाई लावून घर साफ करून घेतलं आणि नंतर कागद शोधले, तर खरेदीखत रद्दीत गेलेलं असतं. बघायच्या जागा: पत्र्याची ट्रंक आणि तिच्या तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र, देवघराखालचा कप्पा, फोटोफ्रेमच्या मागची बाजू, गादीखाली, धान्याच्या कणगीत, पंचांगांच्या गठ्ठ्यात. काढायचं काय: खरेदीखत, जुने हस्तलिखित सातबारे, फेरफाराच्या (उताऱ्यावरचा हक्क बदलल्याच्या नोंदीच्या) नकला, सोसायटीचा शेअर दाखला, कर्जाची पावती, पासबुकं, विमा पॉलिसी, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, खंडाची चिठ्ठी. चिकटलेली पानं ओढू नका. सावलीत दोन दिवस वाळू द्या, मग सुटतात.

तपासा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण झालं असेल तर घराची मिळकत पत्रिका निघाली असेल. तिच्यावर कोणाचं नाव पडलं आहे ते लगेच बघा. घर बंद होतं त्या काळात ती कदाचित शेजारच्या चुलत्याच्या नावाने निघाली असेल.

४. उतारे वाचणं

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ काढा. ८अ आधी. त्यात मयताच्या नावची त्या गावातली सगळी गटं एकत्र दिसतात. घरच्यांना माहीत नसलेलं एखादं माळरान तिथेच सापडतं. मग प्रत्येक गटाचा सातबारा, आणि त्यावर दिलेल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल. आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये त्या गटावरचे नोंदलेले दस्तही बघा.

सातबारा हातात आल्यावर चार जागा.

क्षेत्र. ०.४० म्हणजे ४० आर, जवळजवळ एक एकर, १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, साधारण तीन एकर. दशांशाला एकर समजून बोलणी केल्याची उदाहरणं कमी नाहीत. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, वेगळा लिहिलेला असतो, तो धरायला विसरू नका.

नाव. कंसात असेल तर ते कमी झालेलं नाव. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन त्याच्या एकट्याची नाही. भाऊ ‘एकुमॅ’ म्हणून लागला असेल आणि तुम्ही सगळी जमीन त्याची वारसा म्हणून वाटलीत, तर तुमचाच मूळचा हिस्सा तुम्ही वारसा म्हणून परत मागताय. अशा वेळी आधीच्या फेरफारात जाऊन भावंडांची नावं कधी आणि का लागली नाहीत ते बघा.

भोगवटादार वर्ग. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही.

इतर हक्क. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा. हा शेवटचा शेरा धरणांमुळे पुणे जिल्ह्यात पुष्कळ गावांत आढळतो आणि तो उठवल्याशिवाय पुढचा व्यवहार सरकत नाही.

तपासा: उताऱ्यावर वडील किंवा आजोबा असतील तर थांबा. भावाची वारस नोंद आत्ता होणारच नाही. आधी आजोबांची, मग वडिलांची, मग भावाची.

५. वारस नोंद

अर्ज तलाठ्याकडे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण खटपट वाढते. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, वारसांची आधारकार्डं, सातबारा आणि ८अ. वारसाने मिळणाऱ्या हक्काला मुद्रांक शुल्क नाही. कोणी ‘स्टॅम्पचे’ म्हणून पैसे मागत असेल तर ते स्टॅम्पचे नाहीत.

वंशावळ आजोबांपासून काढा, प्रत्येक मयतापुढे मृत्यूची तारीख, प्रत्येक बहिणीपुढे सासरचं नाव. बहिणीचं माहेरचंच नाव लिहिलं तर आधारशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो.

क्रम असा: तलाठी चौकशी करून वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना ६क मध्ये नोंद घेतो, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, पंधरा दिवस हरकतीसाठी, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि घर बंद असतं, म्हणून अर्जात प्रत्येक वारसाचा पुण्याचा पत्ता आणि मोबाइल द्या.

हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, ६० दिवसांत. मुळात वारस कोण यावरच भांडण असेल तर महसूल कार्यालयात वर्षं घालवू नका. वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करा, पुण्यात शिवाजीनगरला. फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे, ती वसुलीसाठीची नोंद आहे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

तपासा: मंजुरीनंतर नवा सातबारा काढून प्रत्येक गटावर नावं आली का बघा. पाच गटांपैकी चारांवर येतात, पाचवा अर्जात लिहायचाच राहिलेला असतो.

६. बँक, सोसायटी, आयकर

हे काम पाचव्याच्या बरोबरीने चालू द्या. बँकेत नामनिर्देशन असेल तर पैसे पटकन मिळतात, पण नामनिर्देशित व्यक्ती इतर वारसांच्या वतीने पैसे घेते, मालक होत नाही. नामनिर्देशन नसेल तर ठराविक रकमेपर्यंत हमीपत्रावर, त्यापुढे न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र येणी, ठेवी, शेअर्स यांच्यापुरतं. जमिनीला ते चालत नाही, तिथे वारस दाखला. दहा वर्षं न हलवलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधा.

विकास सोसायटीचं कर्ज असेल तर किती बाकी आहे त्याचा दाखला घ्या. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते, स्वतःच्या पगारातून फेडायची नसते. पीएम-किसानचा हप्ता मयताच्या खात्यात येत राहिला असेल तर कळवून बंद करा. तो परत मागितला जातो.

मयताचं १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं आयकर विवरण वारसाने भरायचं असतं. ते होईपर्यंत पॅन रद्द करू नका.

७. हद्द, ताबा, पाणी

नावं लागली की मोजणी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात किंवा ई-मोजणीतून अर्ज, नियमित किंवा द्रुतगती. तारीख कापणी झाल्यावर आणि पावसाच्या आधी पडेल असं बघा. उभ्या पिकात आणि चिखलात मोजणी नीट होत नाही. त्या दिवशी चुना, खुणेचे दगड, दोन गडी आणि शक्य तितके लगतचे शेतकरी हजर ठेवा. कायम केलेल्या खुणांचा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत. तो हातात आल्याशिवाय तारेचं कुंपण घालू नका. बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने सरकतो, आणि दहा वर्षांत त्यात एक चारचाकी मावते.

शेतात दुसऱ्याचं पीक उभं असेल तर ते उपटू नका. कोण करतो, कधीपासून, खंड देतो की अर्धलीने, आणि ई-पीक पाहणीत कोणाची नोंद आहे ते विचारा. हंगाम संपेपर्यंतची मुदत लेखी द्या, त्याची सही घ्या. मालकी नाकारून बारा वर्षं उघड ताबा ठेवणारा प्रतिकूल ताब्याचा दावा करू शकतो, म्हणून ‘राहू दे, कसतोय तर कसतोय’ हे महाग पडतं. वाट किंवा पाणी नुकतंच अडवलं असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत.

महावितरणचं जुनं शेतीपंपाचं कनेक्शन कायमचं तोडलेलं आहे की नुसतं थकलेलं, ते विचारा. थकबाकी भरून नावात बदल करून घेणं नव्या कनेक्शनच्या रांगेपेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

८. वाटणी, हक्कसोड, विक्री

आत्ता बोला. वाटणी नकाशावर करा, एकरांवर नको: रस्ता कोणाकडे, विहीर कोणाकडे, पाण्याच्या पाळ्या किती. वाटणीचा नकाशा मूळ मोजणीवरूनच निघाला पाहिजे. सहमती असेल तर तहसीलदारांकडे कलम ८५ प्रमाणे, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. तुकडेबंदीचं क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) मोडत नाही ना ते आधी विचारून घ्या.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेलं जमिनीसाठी बिनकामाचं. सवलतीचं मुद्रांक शुल्क वडिलोपार्जित मिळकतीला आहे. भावाने स्वतः घेतलेली जमीन दस्तात ‘वडिलोपार्जित’ म्हणून दडपून लिहू नका. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे शुल्क किती ते आधीच ठरवून घ्या. आणि कोणाच्या लाभात सोडलं ते नावानिशी लिहा. ‘हक्क सोडला’ एवढंच लिहिलं तर तो सगळ्या सहहिस्सेदारांत वाटला जातो, आणि बहिणीला नेमकं ते नको असतं.

विकायचं असेल तर घेणारा शेतकरी आहे का याचा दाखला आधी मागा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण महापालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतराने आठ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण धरली जात नाही. २०१७ आणि २०२१ मध्ये पुण्याच्या हद्दीत गावं आल्यावर ही रेषा बरीच बाहेर सरकली आहे, त्यामुळे अंतर आजच्या हद्दीपासून मोजा. विसार घेण्याआधी.